जुन्या सागाचं आठकोनी लंबकाचं घड्याळ घरी कसं बनवायचं

घड्याळ करायचं ठरलं की सगळे आधी लाकूड शोधायला धावतात, तसं करू नका, आधी मशीन घ्या. मशीन हातात आल्याशिवाय पेटी किती खोल करायची, भोक केवढं पाडायचं, लंबक किती लांब ठेवायचा यातलं काहीच नक्की होत नाही, आणि मग सुंदर पेटी तयार होते पण मशीन तिच्यात बसत नाही.

इथे आपण जे करतोय ते जुन्या शाळांमधे, स्टेशनांवर, वाड्यांच्या ओसरीवर असायचं तसलं घड्याळ. वर आठकोनी चौकट, मधे गोल डायल, खाली छोटी काचेची खिडकी आणि तिच्यात हलणारा पितळी लंबक. हा घाट मुळात अमेरिकेतला. न्यूयॉर्कची अन्सोनिया, कनेक्टिकटची सेठ थॉमस अशा कंपन्यांनी ही घड्याळं ढिगाने बनवली आणि जगभर पाठवली. पुढे जपानमधे १८९२ साली किंतारो हात्तोरी यांनी सेइकोशा कारखाना काढला, आजची सेइको म्हणजे त्याच घरातली, आणि त्या कारखान्याने सुरुवातच भिंतीवरच्या घड्याळांनी केली. आपल्याकडे जुन्या घरांमधून जी लंबकवाली घड्याळं निघतात त्यांच्या डायलवर यातलं एखादं नाव बरेचदा सापडतं. अन्सोनिया तर १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि तिची यंत्रं रशियाने विकत घेतली, पण तिचा आठकोनी घाट अजून डोळ्याला तितकाच बरा वाटतो.

आता मशीनचं बोलू. दोन रस्ते आहेत. एक, सेलवर चालणारं क्वार्ट्झ पेंडुलम मशीन, स्वस्त, शांत, वेळ अचूक. यात वेळ मोजतो तो आतला स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा, आणि लंबक नुसता शोभेचा, त्याला एक छोटं चुंबकी कॉइल धक्का देत राहतं. दुसरा रस्ता म्हणजे किल्लीचं जुनं मशीन, आठ दिवस चालणारं, टोले देणारं. ते जुन्या बाजारात मिळतं, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईतला चोर बाजार, पण घेताना लंबक लावून चालवून बघा आणि चाकांचे दात तुटलेले नाहीत ना ते बॅटरी मारून बघा. एक गोष्ट कळकळीने सांगतो, किल्लीचं मशीन स्वतः उघडू नका. स्प्रिंग गुंडाळलेली असताना प्लेटा सोडल्या तर बोटं जातात. साफसफाई घड्याळजीकडूनच करून घ्या, आणि गंज घालवायचा कुठलाही स्प्रे त्यात मारू नका, घड्याळाचं तेल वेगळं असतं आणि ते खुंट्यांना थेंबभरच लागतं. पहिलंच घड्याळ असेल तर माझा सल्ला क्वार्ट्झचा, कारण मग सगळं लक्ष लाकडावर देता येतं.

क्वार्ट्झ मशीन घेताना एकच माप महत्त्वाचं, मधली आटे पाडलेली नळी किती लांब आहे. डायल आणि त्यामागची फळी मिळून जितकी जाडी, त्यात साधारण ३ मिलिमीटर मिळवा, तेवढी आट्यांची लांबी पाहिजे, म्हणजे वॉशर आणि नट नीट बसतो. आपण ३ मिलिमीटरचा प्लाय डायलसाठी आणि त्यामागे ३ चा आधार धरतोय, म्हणजे ९-१० मिलिमीटर आट्यांचं मशीन मागा. दुकानदार हाताला येईल ते देतो, म्हणून घरून माप लिहून न्या.

लाकूड. नवा साग आणायची गरज नाही, खरं तर आणूच नका. पाडलेल्या वाड्यांची, जुन्या चाळींची दारं, चौकटी, वासे जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात आणि ते लाकूड पन्नास-साठ उन्हाळे-पावसाळे बघून शांत झालेलं असतं, आता ते फारसं वाकणार नाही. दाराच्या चौकटीचा एक उभा तुकडा मिळाला तर अख्खं घड्याळ त्यात निघतं. नवाच घ्यायचा असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग मागा, बल्लारशाच्या डेपोतून जाणारा, आणि घरी आणून पट्ट्या कापून एक-दोन महिने पंख्याखाली, मधे काठ्या घालून रचून ठेवा. साग कमी हलतो असं म्हणतात ते खरंच आहे, पण हलतो. आडव्या अंगाने १० इंचाची फळी भर पावसाळा ते एप्रिल या काळात दीड-दोन मिलिमीटर फुगते-आकसते, उभ्या अंगाने जवळजवळ काहीच नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे पाठीच्या फळीला उपयोगी पडेल.

जुनं लाकूड घेतल्यावर रंध्याला हात लावायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेले खिळे असतात आणि एक खिळा रंध्याचं पातं कायमचं खराब करतो. कीड लागलेली आहे का तेही बघा, बारीक भोकांतून ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर तो तुकडा सरळ सोडून द्या, घरात आणू नका. वर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असायचं, ते धुळीतून पोटात जातं. रंध्याने किंवा स्क्रॅपरने सोलून काढा आणि ती साल गोळा करून टाका. सागाची धूळ पण नाकाला झोंबते, काहींना अंगावर पुरळ येतं, मास्क लावाच. आणि सागात वाळूसारखा अंश असतो त्यामुळे पाती लवकर बोथट होतात, दगड जवळ ठेवा आणि मधे मधे धार लावत राहा, बोथट पात्याने साग उचकटतो.

आता मापं. मी देतोय ती ८ इंची डायलसाठी आहेत. अष्टकोन समोरासमोरच्या बाजूंमधे ३२० मिलिमीटर, पट्टी ५० रुंद आणि ६ सूत म्हणजे साधारण १९-२० जाड. अष्टकोनाची एक बाजू काढायचा हिशोब सोपा आहे, समोरासमोरच्या अंतराला ०.४१४ ने गुणा, ३२० ला बाहेरची बाजू १३२.५ येते आणि आतली ९१. पेटी २४० रुंद, ४८० उंच, ८० खोल, चार सूत जाडीच्या फळीची. पेटीचं वरचं टोक अष्टकोनाच्या वरच्या कडेपेक्षा ६० मिलिमीटर खाली ठेवा, त्याहून वर नेलं तर पेटीचे कोपरे अष्टकोनाच्या मागून डोकावतात आणि सगळा घाट बिघडतो. या हिशोबाने अष्टकोनाच्या खाली २२० मिलिमीटर पेटी दिसते, तिथे खिडकी, आणि लंबक मशीनपासून २५ सेंटिमीटरच्या आसपास खाली आला की त्याची चकती बरोबर खिडकीच्या मधे येते. कापायच्या आधी हे सगळं पुठ्ठ्यावर खऱ्या मापात काढून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस येता-जाता बघा. डोळ्याला जे खटकतं ते कागदावरच दुरुस्त होऊ दे. जुन्या घड्याळाचं देखणेपण निम्मं या प्रमाणातच असतं.

अष्टकोन हाच खरा कसोटीचा भाग, इथे घाई करू नका. आठ पट्ट्या, दोन्ही टोकं साडेबावीस अंशात, म्हणजे १६ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला तर शेवटी ८ अंशांची फट तुमच्याकडे बघत राहते. म्हणून आधी भंगार लाकडावर दोन काप घेऊन गुण्याने तपासा, आणि सगळ्या पट्ट्यांची लांबी एकच यावी म्हणून करवतीच्या टेबलावर एक ठोकळा अडकवून त्याला टेकवून कापा, प्रत्येकवेळी टेपने मोजत बसू नका, टेप दर वेळी थोडी वेगळी बोलते. काप झाले की गोंद न लावता आठही पट्ट्या जुळवा. थोडी फट राहतेच. तिच्यावरचा उपाय फार सुंदर आहे, चार-चार पट्ट्यांचे दोन अर्धे वेगवेगळे चिकटवा, ते वाळले की दोन्ही अर्ध्यांची तोंडं सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासून एका रेषेत आणा, मग ते दोन अर्धे जोडा. सगळी चूक त्या दोन सांध्यांमधे गोळा होते आणि घासताना निघून जाते.

चिकटवायच्या आधी सागाचे काप स्पिरिटने पुसा, साग तेलकट असतो, पुसलं नाही तर फेविकॉल नीट धरत नाही. शिवाय तिरक्या कापावर लाकडाची उघडी नळकांडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात, म्हणून आधी पाणी मिसळून पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग नेहमीचा दाट फेविकॉल लावा. आवळायला महागडे क्लॅम्प लागत नाहीत, सायकलची जुनी ट्यूब उभी कापून तिची लांब पट्टी करा आणि अष्टकोनाभोवती ताणून गुंडाळत जा, सगळीकडून सारखा दाब येतो. खाली सपाट फळी आणि तिच्यावर प्लास्टिक अंथरा, नाहीतर अष्टकोन फळीलाच चिकटेल. रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून करवतीची एक खाच पाडून तिच्यात सागाची पातळ पट्टी फेविकॉल लावून बसवा आणि वाढलेला भाग पटाशीने छाटा. नुसत्या गोंदावर तिरका सांधा काही वर्षांनी उघडतो, ही पट्टी घातली की नाही उघडत. शिसवाची पट्टी घातली तर कोपऱ्यात एक काळी बारीक रेघ दिसते, मला ती फार आवडते.

मग अष्टकोनाच्या मागच्या बाजूने आतल्या कडेला ८ मिलिमीटर रुंद, ८ खोल खाच काढा, राऊटर असेल तर दहा मिनिटांचं काम, नसेल तर पटाशीने थोडा वेळ जास्त. डायलची फळी याच खाचेत बसणार. समोरच्या आतल्या कडेला बारीक गोलाई द्या, जुन्या घड्याळांना तिथे पितळी कडं असायचं, मिळालं तर बसवा, नाही मिळालं तरी गोलाईने काम भागतं.

पेटी साधीच आहे, दोन उभ्या बाजू, वरची आणि खालची फळी, कोपऱ्यात खाच पाडून जोडलेली. जमत असेल तर वरचे कोपरे दाती पाडून जोडा, जुने कारागीर तसंच करायचे, पण ते अष्टकोनाच्या मागे लपतं म्हणून तिथे जिवाचा आटापिटा करायची गरज नाही. क्वार्ट्झ असेल तर पाठीला ६ मिलिमीटरचा प्लाय चालतो. किल्लीचं मशीन असेल तर पाठ १२ ची आणि घट्ट पाहिजे, कारण पाठ जरा जरी थरथरली तरी लंबकाची ताकद तिथे वाया जाते आणि घड्याळ दोन तासांत थांबतं. सागाचीच फळी पाठीला लावायची हौस असेल तर ती चारी बाजूंच्या खाचेत मोकळी बसवा, गोंद लावू नका, दोन्ही अंगांना मिलिमीटरभर जागा सोडा. ती पावसाळ्यात फुगणार, तिला जागा नाही मिळाली तर ती पेटीचे सांधे उचकटवेल.

पेटी अष्टकोनाला आतून ठोकळे लावून स्क्रूने जोडा, कायमची चिकटवू नका. डायल बदलायची, मशीन काढायची वेळ कधी ना कधी येते. अष्टकोनाच्या खालच्या तिरक्या बाजू आणि पेटी यांच्या मधे जो तिकोनी मोकळा भाग दिसतो तिथे जुन्या घड्याळांना कोरीव कान असायचे. वेलबुट्टी कोरता आली तर छानच, नाहीतर फ्रेटसॉने साधा पानाचा आकार कापून कडा कानसने गोल करा. पेटीच्या खालच्या टोकाला एक कातीव बोंड लावलं की घड्याळ एकदम भरल्यासारखं वाटतं, ते लेथवर करावं लागतं, जवळपास कातारी असेल तर लाकूड त्याच्याकडे द्या, उरलेल्या सागाचाच तुकडा द्या म्हणजे रंग जुळेल. सावंतवाडीला जाणं होणार असेल तर तिथल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांचं कातकाम बघून या, लेथवर लाख चढवायचं काम ते ज्या सफाईने करतात ते डोळ्यात भरून घेण्यासारखं आहे.

खिडकीचं दार ३० मिलिमीटर पट्टीचं, काच ३ मिलिमीटरची, मागून बीडिंग पट्टी ठोकून बसवलेली. काचेच्या दोन्ही अंगांना कागद जाईल एवढी फट ठेवा. बिजागरी पितळीच घ्या, लहान, पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला असली बारीकसारीक पितळी वस्तू मिळते. जुन्या घड्याळांच्या काचेवर सोनेरी अक्षरात रेग्युलेटर असं लिहिलेलं असायचं. तुम्ही घरातलं गाव, आडनाव, साल, काय हवं ते लिहू शकता, काचेच्या आतल्या बाजूने उलटं लिहायचं म्हणजे पुसताना जात नाही.

डायल. कॉम्प्युटरवर डायल काढून डिजिटल प्रिंटवाल्याकडून जाड, बिनचकाकीच्या कागदावर छापून घ्या, पांढऱ्यावर नाही, किंचित पिवळसर पार्श्वभूमीवर. रोमन आकडे घेणार असाल तर चारच्या जागी चार उभ्या काड्या काढा, घड्याळांच्या डायलवर बहुतेक तसाच चार असतो, समोरच्या आठला तो वजनाने बरोबर तोलतो. लंडनच्या बिग बेनवर मात्र नेहमीचा रोमन चार आहे, म्हणजे तसा काढलात तरी काही बिघडत नाही. देवनागरी आकड्यांची डायल तर खूपच सुरेख दिसते, फक्त अक्षर निवडताना जुन्या शिळाछापाच्या पुस्तकांसारखं जाड-बारीक वळणाचं निवडा, कॉम्प्युटरमधलं सपाट अक्षर घेतलं की जुनेपणा गेलाच. कागद ३ मिलिमीटर प्लायवर चिकटवताना फेविकॉल अगदी पातळ आणि सारखा लावा, मधून बाहेरच्या दिशेने कापडाने दाबत जा.

डायलला जुनी झाक द्यायची सोपी रीत म्हणजे वरून चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमधे विरघळवलेल्या लाखेचे (कृती पुढे येते), दोन पातळ हात, कागद लगेच हस्तिदंती रंगाचा होतो. पण इंकजेटची शाई स्पिरिटने पसरू शकते, म्हणून लेझर प्रिंट घ्या आणि तरीही आधी फालतू तुकड्यावर करून बघा. चहा शिंपडणं, कागद जाळून कडा काळ्या करणं हे प्रकार टाळा, ते नाटकाच्या पडद्यासारखं दिसतं. काटे इस्पिकच्या आकाराचे काळे घ्या. मिनिट काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला हवं, तास काट्याचं आकड्यांच्या आतल्या कडेला. काटे आखूड पडले तर सगळी डायल रिकामी वाटते, म्हणून काट्यांच्या मापावरून डायल काढा.

आता पॉलिश, आणि इथे मला मनापासून सांगायचंय ते असं की जुनेपणा साखळीने ठोकून, ओरखडे मारून, काळा रंग चोळून येत नाही. बाजारात असं बरंच फर्निचर मिळतं आणि दोन फुटांवरून कळतं की हे खोटं आहे. खरं जुनं घड्याळ नीटनेटकं असतं, फक्त त्याच्या कडा हाताने हाताळून किंचित गोल झालेल्या असतात आणि त्यावरचं पॉलिश लाखेचं असतं. म्हणून आपण दोनच गोष्टी करायच्या, जिथे हात लागतो तिथल्या कडांची धार पेपरने मोडायची, आणि पीयू-मेलामाइनसारखी आजची रासायनिक पॉलिशं न वापरता चपड्याचं पॉलिश करायचं.

आधी घासाई. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंध्याच्या खुणा काढा, मग १२०, १८०, २४०, कायम रेषांच्या दिशेने. २४० झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, वाळलं की बारीक केस उभे राहतात, ते ३२० ने हलक्या हाताने काढा. सागाची भोकं मोठी असतात, आरशासारखी चकाकी हवी तर ती भरावी लागतात. चॉक पावडर, थोडी पिवडी, थोडा अंबर रंग हे पातळ चपड्यात कालवून लांबी, म्हणजे भोकं भरायचा लगदा, करा, रेषांना आडवी चोळून भरा आणि वाळल्यावर घासून काढा. मला स्वतःला भोकं अर्धवट उघडी ठेवलेली आवडतात, लाकूड लाकूड वाटतं, पण हे ज्याचं त्याने ठरवावं.

रंग बहुतेक लागत नाही. रंधा मारल्यावर साग फिका वाटतो पण उजेडात तो आपोआप सोनेरी तपकिरी होतो, काही दिवस पेटी सगळ्या बाजूंनी फिरवत उन्हात ठेवा. अजून गडद हवा असेल तर मेडिकलमधे मिळणारं पोटॅशियम परमँगनेट, त्याचे चार खडे कपभर पाण्यात विरघळवून ब्रशने लावा. आधी जांभळा दिसेल, घाबरू नका, काही मिनिटांत तपकिरी होतो आणि हा रंग फडक्याने लावलेल्या डायसारखा वर वर दिसत नाही, लाकडातूनच आल्यासारखा वाटतो. हातमोजे घाला, स्टीलच्या भांड्यात नको, काचेत कालवा, आणि हे खडे तेल, ग्लिसरीन, स्पिरिट यांच्याजवळ ठेवू नका, त्यातून आग लागू शकते. रंग पूर्ण वाळला की ओल्या फडक्याने पुसून, पुन्हा वाळवून मगच पुढे जा.

चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची, आपल्या देशात सगळ्यात जास्त झारखंडात होणारी, रांचीजवळ नामकुमला तर १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. जगभरच्या जुन्या पियानोंवर, व्हायोलिनवर, घड्याळांवर जी ऊबदार चकाकी दिसते ती बरीचशी या किड्याची देणगी. हार्डवेअरवाल्याकडून पातळ पापडीचा चपडा घ्या, ताजा, गुठळी झालेला नको. १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटला १०० ते १५० ग्रॅम चपडा, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत, लोखंडी डब्यात नको, तिथे तो काळा पडतो. रात्रभर ठेवा, मधे हलवा, सकाळी जुन्या सुती कपड्यातून गाळा. जेवढं लागेल तेवढंच करा, सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं की ते नीट वाळत नाही. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाका, थोड्या वेळात नखाला कडक लागला तर चांगलं, चिकट राहिला तर फेकून द्या.

पहिले दोन-तीन हात ब्रशने, पातळ, एकदा फिरवला की परत त्याच जागी जायचं नाही, कारण खालचा थर स्पिरिटने लगेच विरघळतो. प्रत्येक हातानंतर तासभर थांबा आणि ३२० ने हलकं घासा. मग गादी करायची. कापसाचा मुठीएवढा बोळा, त्याभोवती जुन्या धोतराचं किंवा मलमलचं धुतलेलं कापड, खालचा भाग बिनसुरकुतीचा. पॉलिश आतल्या कापसात घालायचं, कापडावर वरून ओतायचं नाही. गादी दाबली की नुसती ओलसर वाटली पाहिजे, थेंब सुटता कामा नये. तिच्या तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा म्हणजे ती अडकत नाही. मग आधी लाकडाच्या रेषेत, नंतर गोल गोल, नंतर इंग्रजी आठसारखी फिरवत जा, गादी लाकडावर उतरताना आणि उचलताना सरकती हवी, थांबली की डाग पडला. दहा-पंधरा मिनिटं झाली की बास, उद्या पुन्हा. आठवडाभर रोज थोडं थोडं असं केलं की लाकडाच्या आत उजेड गेल्यासारखा दिसतो, आणि हे मशीनने मारलेल्या कुठल्याच पॉलिशला येत नाही. शेवटच्या दिवशी नुसतं स्पिरिट अगदी थोडं गादीवर घेऊन भरभर, हलका हात फिरवा, वर आलेलं तेल निघून जातं.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेत ओल असली की चपड्यावर पांढरट धुरकट थर धरतो. कोकणात राहत असाल तर दिवाळीनंतरचे महिने उत्तम. अडलंच तर कोरड्या दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून पण थेट वाऱ्यात नाही. स्पिरिटची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही, जवळ गॅस-उदबत्ती काही नको. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग कचऱ्यात टाका.

फार चकाकी नको असेल तर आठवड्याने सगळ्यात बारीक स्टील वूलने हलकं घासून मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाइनमधे विरघळवून पातळसं चोळा आणि मऊ फडक्याने चमकवा. मला हीच चमक आवडते, मंद.

पितळी सामान नवं असेल तर ते पिवळं धमक दिसतं. त्यावरचं लॅकर थिनरने काढा, मग झाकणाच्या डब्यात तळाला थोडा अमोनिया आणि वर जाळीवर बिजागऱ्या, स्क्रू, कडी असं ठेवून झाकून द्या, बाहेर गच्चीत करा. काही तासांत पितळ जुनं तपकिरी होतं. लंबकाची चकती मात्र चमकती ठेवा, खिडकीतून हलताना तीच दिसते. क्वार्ट्झ मशीनला जड चकती लावू नका, पातळ पत्र्याचीच हवी, जड झाली की कॉइलला ती पेलवत नाही.

किल्लीचं मशीन घेणाऱ्यांसाठी लंबकाचं थोडं जास्त. २५ सेंटिमीटरच्या लंबकाची एक पूर्ण फेरी सेकंदाला होते, आणि त्याची चकती फक्त १ मिलिमीटर वर-खाली केली की घड्याळ दिवसाला जवळजवळ ३ मिनिटं पुढे-मागे जातं. म्हणून खालचा नट एका वेळी अर्धाच फिरवा आणि पूर्ण दिवस थांबून मग बघा. पुढे पळत असेल तर चकती खाली, मागे पडत असेल तर वर. लंबकाची दांडी लाकडी करता आली तर करा, सरळ रेषांची, चपडा चढवलेली. पितळी दांडी १० अंश तापमान वाढलं की इतकी लांबते की दिवसाला ८ सेकंद मागे पडतात, लाकडी दांडीत ते २ सेकंदांच्याही आत राहतं. फक्त तिला पॉलिश नीट हवं, म्हणजे पावसाळ्यात ओल पिणार नाही.

टांगणं. भिंतीला ड्रिल मारून प्लग आणि जाड स्क्रू, नुसता खिळा नको, सागाची पेटी काचेसकट वजनदार होते. पाठीला वर पितळी पट्टी, आणि खाली दोन कोपऱ्यांत आतून जाणारे दोन बारीक स्क्रू म्हणजे किल्ली देताना घड्याळ हलत नाही. ओळंबा लावून सरळ करा. पण किल्लीच्या घड्याळात ओळंब्यापेक्षा कानाचं ऐका, टिक आणि टक यांच्यातलं अंतर दोन्हीकडे सारखं ऐकू आलं पाहिजे. लंगडल्यासारखं वाजत असेल तर पेटी खालून कणभर डावी-उजवी सरकवा, बरोबर जागा सापडली की आवाज सारखा होतो, मग खालचे स्क्रू आवळा आणि पेटीच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक खूण करून ठेवा. स्वयंपाकघराची भिंत, बाथरूमच्या पाठची ओली भिंत आणि दुपारचं थेट ऊन येणारी जागा टाळा.

पुढे देखभाल फार नाही. सेल संपायची वाट न बघता वर्षाला बदला, नाहीतर तो गळतो आणि मशीन खातो. चपड्याला पाणी आणि स्पिरिट दोन्ही चालत नाही, सॅनिटायझरचा हात तर अजिबात लावू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कधी ओरखडा पडलाच तर पूर्ण पॉलिश खरवडायची गरज नाही, त्याच जागी गादी फिरवली की नवा थर जुन्यात मिसळून जातो. किल्लीचं मशीन तीन-चार वर्षांतून एकदा घड्याळजीला दाखवा.